सही-शिक्क्याची आवश्यकता नाही

गावाकडची दोन एकर तारण ठेवून कर्ज काढायचं होतं. सातबारा घरबसल्याच काढला. पंधरा रुपये भरले, पीडीएफ उतरली. खाली छापलेलंच आहे की डिजिटल स्वाक्षरीमुळे कोणत्याही सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. बँकेतल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "शिक्का कुठाय तलाठ्याचा?"

ती ओळ दाखवली. "ते ठीक आहे हो, पण शिक्का आणा." तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "यावर शिक्का मारला तर उद्या मलाच विचारतील." दोन चकरा फुकट. शेवटी बँकेतल्याच एका मुलीने सातबाऱ्याच्या तळाचा सोळा अंकी क्रमांक संकेतस्थळावर टाकला, तोच उतारा पडद्यावर आला आणि साहेबांनी मान डोलावली. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग बँकेच्या वकिलांना आजोबांच्या नावाचा १९६४ चा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, हवा झाला. तोही सहीशिक्क्याचा. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला, वर कोर्ट फी स्टँप, आत गट नंबर. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "तेव्हा तुमच्या गावात गट कुठे होते? जमिनींचं एकत्रीकरण होऊन गट नंतर पडले. सर्व्हे नंबर आणा." तो चुलत्यांच्या ट्रंकेतल्या शेतसाऱ्याच्या पावतीवर सापडला. पावती ठेवून देणाऱ्या काकूंना मनोमन हात जोडले.

नक्कल आठवड्याने हातात आली. मागे चौकोनी शिक्का: अर्ज आल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख, फी, 'नक्कल करणार', 'रुजवात घेणार' आणि दोघांच्या सह्या. रुजवात घेणार म्हणजे मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहणारा. एवढ्याशा चौकोनात कोणी काय केलं ते सगळं आलं. मला तर गोल शिक्क्यापेक्षा यावरच जास्त भरवसा वाटला.

तो गोल शिक्का मात्र पुढच्या बाजूला नेमका सर्व्हे नंबरावर बसला होता. जांभळी शाई पसरलेली, ३ की ८ ते कळेना. वकिलांनी कागद परत दिला.

पुन्हा अर्ज, पुन्हा स्टँप. या खेपेला कारकुनांनी शिक्का उचलला तसं मीच कागदावर बोट ठेवलं. "भाऊसाहेब, इथे. कोऱ्या जागेवर."