आमची वाटचाल: साठवलेलं परत वाचता आलं पाहिजे

आम्ही तिघांनी सुरुवात केली तेव्हा काम एकच होतं: मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचे मोठे संगणक, त्यांवरच्या जुन्या चुंबकीय टेप नव्या कार्ट्रिजवर (टेपच्या बंद डबीवर) उतरवून देणं. माध्यम निवडताना ग्राहक क्षमता विचारत आणि आम्हीही तेच आकडे सांगत होतो.

ती सवय एका कामानं मोडली. ग्राहकाकडे आयबीएमच्या ‘३४८०’ जातीची कार्ट्रिज होती, १९८४ साली बाजारात आलेली, एकेकात २०० मेगाबाइट मावणारी. ठेवली होती अगदी निगुतीनं. पण टेप वाचणारा नवा ‘३५९०’ ड्राइव्ह आल्यावर त्यांनी जुने ड्राइव्ह मोडीत काढले. दोन्हींच्या कार्ट्रिजचा आकार सारखा, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. ३५९० ती टेप वाचत नाही, मधल्या पिढीचा ‘३४९०ई’ ड्राइव्ह वाचतो. चालू स्थितीतला ३४९०ई शोधण्यात आमचे काही महिने गेले. टेप वाचली, तर आत एब्सिडिक (मेनफ्रेमची अक्षरसंकेत पद्धत) अक्षरं आणि पॅक्ड डेसिमल (एका बाइटमध्ये दोन अंक दाबून बसवलेले) आकडे, आणि रेकॉर्डची रचना सांगणारं कोबॉल या प्रोग्रॅमिंग भाषेचं कॉपीबुक गायब. निम्म्याहून अधिक वेळ त्या रचनेचा माग काढण्यात गेला. तेव्हापासून प्रत्येक बॅकअपसोबत कॉपीबुकची प्रत ठेवायला लावतो.

पुढे व्हर्च्युअल टेप आली. मेनफ्रेमला टेपच दिसते, लिहिलं जातं मात्र डिस्कवर. छोट्या डेटासेटपायी (मेनफ्रेमवरच्या फाइलपायी) अख्खं कार्ट्रिज अडत नाही, रिस्टोरही, म्हणजे डेटा परत आणणंही, झटपट होतो. आम्ही ती मनापासून बसवून दिली. मात्र तिची दुसऱ्या ठिकाणची प्रत आपोआप जुळवली जाते, त्यामुळे चुकून पुसलेला डेटा तिथूनही पुसला जातो, म्हणून एक प्रत खऱ्या टेपवर, टेप लायब्ररीतून (टेप ठेवणाऱ्या यंत्रातून) काढून वेगळ्या इमारतीत ठेवायचीच, हा आमचा हट्ट. तो न पटून काही ग्राहक सोडून गेले. आम्ही हट्ट सोडला नाही.

एलटीओ, म्हणजे अनेक कंपन्या बनवतात ती टेपची जात, घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. टेप चांगली आहे, पण झेडओएसला, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, ती थेट जोडता येत नाही. तिथे आयबीएमचं ३५९२ ड्राइव्हचं घराणंच लागतं. शिवाय एलटीओचा आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातवी आणि आठवी पिढी वाचतो. दहा-पंधरा वर्षं जपायच्या नोंदींसाठी ड्राइव्ह बदलण्याआधी जुन्या टेप उतरवून घेण्याचं वेळापत्रक लागतं, आणि ते खरेदीच्या दिवशीच ठरवावं लागतं.

आता आम्ही अकरा जण आहोत. दर तिमाहीला ग्राहकाच्या तिजोरीतून आमच्या मर्जीनं एक कार्ट्रिज उचलतो, रिकाम्या एलपारवर (मेनफ्रेमच्या वेगळ्या केलेल्या भागावर) रिस्टोर करतो आणि कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या तारखेला वाचलं ते नोंदवहीत लिहितो.