ना हरकत, माझी मलाच

बायबलवर पीएच.डी. म्हटलं की लोक विचारतात, ग्रीक जमलं का? ग्रीक जमलं हो. अडलं ते प्रवेश अर्जातल्या लाल स्टारवाल्या एका रकान्यात: 'नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र'.

मी श्रीरामपुरात घरूनच दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न करते. विषय बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट. चौथ्या शतकातली सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस ही ग्रीक बायबलची हस्तलिखितं सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतात; पुढची बारा वचनं त्यांत नाहीतच. बंगालमधल्या सेरामपूरच्या डी.टीएच.ला (ख्रिस्ती धर्मशास्त्रातली डॉक्टरेट) जायचं तर आधी त्याच विषयातली बी.डी., मग एम.टीएच. चाळिशीत कुठे सेमिनरीच्या होस्टेलवर राहू? म्हणून एम.ए.च्या जोरावर विद्यापीठात पार्टटाइम. प्रवेश परीक्षा, मुलाखत झाली.

आणि मग तो रकाना. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पार्टटाइम पीएच.डी. चालते, पण नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत हवी. ज्याला नोकरीच नाही त्याचं काय, यावर फॉर्म गप्प. रिकामा सोडला तर पुढचं पान उघडेना. 'लागू नाही' लिहिलं तर छाननीत परत. शेवटी विद्यापीठात समक्ष गेले.

"मॅडम, तुमचं ऑफिस कुठलं?"

"घरीच."

"मग साहेब कोण?"

"मीच."

"मग साहेबांची सही आणा."

आधी वाटलं थट्टा करतायत. चेहरा बघितला, थट्टा नव्हती. दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, चर्चचं पत्र चालेल. तिसऱ्यांना ते चालेना. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांनाही कुणी असं टेबलाटेबलांवरून फिरवलं असतं, तर १९२४ साली ते छापून निघालं असतं का, देव जाणे.

मग केलं तसंच. लेटरहेड छापलं, 'प्रोप्रायटर' असा शिक्का बनवला आणि नियमात मागितलेली तिन्ही वाक्यं स्वतःबद्दल लिहिली: अर्जदारास पार्टटाइम संशोधनाची परवानगी आहे, कामातून तिला पुरेसा वेळ मिळतो, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तिला मोकळे करण्यात येईल. खाली साहेब म्हणून माझीच सही. सोबत उद्यम नोंदणीची झेरॉक्स. कागद बिनबोभाट घेतला गेला! बाहेर येऊन मी एकटीच हसत सुटले.

हो, एक राहिलं. गाइड आधी गाठा, विषय मग ठरवा. ग्रीक वाचणारा गाइड आपल्याकडे सहज मिळत नाही. ग्रंथालयाचं कार्ड नाही म्हणून अडू नका. सिनायटिकसची पानं ऑनलाइन फुकट दिसतात, अगदी खाडाखोडीसकट. आणि मार्च-एप्रिलमध्ये काही सादर करायचं कबूल करू नका, निदान माझ्यासारखे हिशेबवाले असाल तर. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल मांडावा लागतोच.

ना हरकतीच्या मूळ प्रती मात्र दोन-तीन सही करून ठेवा. कोर्सवर्कच्या वेळी विद्यापीठानं पुन्हा मागितली.