सोमवारची गवर

आमच्या सासरच्या घरात वर्षभर चार चुली पेटतात. घर एकच, लांबच्या लांब, पण मधे भिंती घालून त्याची चार घरं केलेली. गणपती मात्र वाटला गेला नाही. तो थोरल्या काकींच्या बाजूला बसतो, आणि तेवढे दिवस बाकीच्या तीन चुलींवर फक्त चहा होतो. मालवणपासून तासाभरावरचं हे गाव एरवी अकरा माणसांचं घर सांभाळतं. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत आम्ही कुडाळ स्टेशनवर उतरून, रिक्षा भरभरून, अडतीस झालेलो असतो.

मी सांगलीची. लग्नानंतरची पहिली गवर मी जन्मात विसरणार नाही. आमच्याकडे गौरी म्हणजे मुखवट्याच्या, साडी नेसून उभ्या, पुरणपोळी आणि सोळा भाज्या. इकडे तेरड्याची झाडं पाणवठ्यावरून आणून त्यांचीच गवर केली. तीही आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्साहाने पुरणाची डाळ कुठे आहे विचारलं, तर मागच्या पडवीत दिरांनी कोंबड्यांचा हिशोब मांडला होता. गवरीला तिखटाचा नैवेद्य. मी आईला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "त्यांच्या घरची रीत आहे, तू वाट्या मोजून वाढ."

त्या नैवेद्याच्या वेळी गणपतीपुढे पडदा ओढतात. आमच्याकडे हा पडदा म्हणजे आजेसासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं. माटवी म्हणजे गणपतीवरची लाकडी चौकट. तिच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी, तिच्यावर ते लुगडं. वर माटवीला नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, आंब्याचे टाळ, शेरवड, तवसं, सगळं लोंबकळत असतं, आणि खाली पडद्याअलीकडे गवरीसमोर वडे-सागोतीचं, म्हणजे वडे आणि कोंबडीच्या रश्शाचं पान. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याने मोठ्याने विचारलं होतं, "बाप्पाला वास नाही येत?" थोरल्या काकी म्हणाल्या, "येता, पण तो बोलणा नाय."

तर ही 2025ची गोष्ट. गणपती 27 ऑगस्टला, बुधवारी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून परसातला अळू, सुरण, भोपळा, मक्याची कणसं घालून ती बिनफोडणीची भाजी झाली. (ती मला मोदकांपेक्षा जास्त आवडते. हे मी सासरी कबूल करत नाही, कारण मोदकांच्या कळ्या पाडायला मीच बसलेली असते.) एके दिवशी तिरफळं घातलेलं खतखतं झालं. रोज रात्री भजन आणि भजनी मंडळींना उसळ. तोवर सगळं सुरळीत होतं. मग कुणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

गवरीचं तंत्र तिथीवर नसतं, नक्षत्रावर असतं. अनुराधावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळावर जाते. त्यामुळे जेवणाचा वार दरवर्षी वेगळा. त्या वर्षी तो 1 सप्टेंबर, सोमवार. आणि आमच्या घरात सोमवार पाळणारी चौदा माणसं.

सगळ्यात कडक सोमवार धाकट्या काकांचा. काका रेल्वेतून निवृत्त. त्यामुळे कुठल्याही विषयावर त्यांचं वेळापत्रक तयार असतं. ते म्हणाले, यंदा गोडाचा नैवेद्य करा, घावन-घाटलं करा, एक वर्ष कोंबडी नसली म्हणून काय बिघडतं. त्यांच्या बाजूने माझे सासरे आणि दोन जावा. विरुद्ध बाजूला मुंबईहून आलेली सगळी तरुण मुलं, जी आठ-दहा तास उभ्याने प्रवास करून नेमकी याच जेवणासाठी आली होती. शनिवारी दुपारी ओसरीवर बैठक बसली. भटजींना फोन झाला. भटजींनी शहाणपणाने "तुमच्या घराण्याची चाल असेल तसं" म्हणून फोन ठेवला.

थोरल्या काकी इतका वेळ तांदूळ निवडत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, आवाज नाही गेलेला. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "भावजी, सोमवार तुमका हा. गवरीक नाय. ती म्हायेराक इली हा, ती वार बघता काय?"

विषय संपला. काकांनी आपला एक मुद्दा मात्र राखून ठेवला. वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो, म्हणजे ज्यांचा सोमवार आहे त्यांना मंगळवारी उजाडेपर्यंत काही नाही. हे त्यांनी चौदाही जणांना एकेक करून सांगितलं. त्या चौदांत मीही होते.

वड्यांचं पीठ गावीच होतं. जाडे तांदूळ धुऊन वाळवून, उडदाची डाळ, थोडे गहू, धणे, मेथी असं रवाळ दळून आणतात. पाच किलो पीठ रविवारी रात्रीच कोमट पाण्यात मळून झाकून ठेवलं. सोमवारी पहाटे नारळ. चोवीस नारळ सोलायचे आणि खोवायचे. हे घरातल्या पुरुषांचं काम, आणि ते ते अशा थाटात करतात की जणू बाकीचा स्वयंपाक आपोआप होतो. खोबरं-कांदा काळपट लाल होईपर्यंत भाजून वाटप करायला घेतलं आणि वीज गेली. मिक्सर बंद. मोठ्या जाऊबाईंनी परसातला पाटा धुतला आणि आम्ही चौघी पाळीपाळीने दीड तास वाटत बसलो. वाटप जरा भरडच राहिलं. पण रसा दाट झाला, आणि तो कुणी वाटला हे दिवसभर सगळ्यांना सांगायची सोय झाली.

दोन टोपं चढली. एकात सागोती, दुसऱ्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं. वाटप एकच, मसाला एकच, वडेही एकच. त्यामुळे वास कुठल्या टोपाचा हे बाहेर बसलेल्याला कळणं शक्य नव्हतं. काकींनी दोन टोपांना दोन वेगळे डाव लावले आणि धाकट्या पुतणीला पहाऱ्यावर बसवलं. मी केळीच्या पानावर वडे थापत होते. पहिले दहा-बारा फुगले नाहीत. तेल नीट तापलं नव्हतं, दोष माझ्या सांगलीला मिळाला.

पडदा ओढला, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. एका ओळीत वाटाणेवाले, समोर सागोतीवाले. ही मांडणी ज्याने कुणी केली त्याला मी अजून शोधते आहे. माझ्या सासऱ्यांच्या पानात वाटाणा वाढताना ते हळूच म्हणाले, "फोडी नको, नुसतो रसो त्या टोपातलो चलात काय?" सासूबाईंनी नुसतं पाहिलं. धाकटे काका मान खाली घालून नऊ वडे जेवले. मी मोजले.

रात्री फुगड्या झाल्या. मी दोन घातल्या आणि कंबर धरून बसले. झोपायला साडेअकरा. पाण्यासाठी उठले तेव्हा मागच्या पडवीत दिवा दिसला. थोरल्या काकी चुलीजवळ पाटावर बसल्या होत्या, निखाऱ्यांवर छोटं टोप होतं, आणि त्यांच्यासमोर ताट घेऊन धाकटे काका. ताटात चार वडे, शेजारी वाटी. वाटीत वाटाणा नव्हता.

मी दारातच थांबले. काकांनी मला पाहिलं, घास गिळला, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. बारा वीस.

"रेल्वेत बारा वाजले काय तारीख बदलता," ते म्हणाले.

काकींनी काही न बोलता माझ्यासाठी दुसरं ताट काढलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, "थांब, खाव नको अजून," म्हणाल्या, आणि माजघरातून पुढे जाऊन ते हिरवं लुगडं दोरीवर पुन्हा नीट ओढून आल्या.