खोड्यातला घोडा

सारंगखेड्याची यात्रा उठायला आली होती. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो आणि त्या दिवसांत आमच्या दवाखान्यात गाईम्हशींपेक्षा घोडेच जास्त येतात. कुणाचं पोट दुखतंय, कुणाची मांडी टेम्पोतून उतरवताना सोलली आहे. त्या सकाळी केळीचे बागायतदार असलेले एक बापू आदल्या दिवशी घेतलेला घोडा घेऊन आले. पुढचा डावा पाय टेकला की घोडा मान वर झटकायचा.

"डाक्टरसाहेब, व्यापारी म्हने सात वरीसना शे. काठेवाडी शे म्हने."

काठेवाडी नाही, हे दहा पावलांवरूनच दिसत होतं. काठेवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात. याचे कान सरळ. उंच, लांब पायांचा, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजाव्यात. आणि खच्ची केलेला. रेसचा थरोब्रेड, मनात लगेच आलं. पण बापूंच्या पैशाचा प्रश्न होता, म्हणून म्हटलं आधी तोंड बघू.

खालच्या दातांवर काळे खळगे होते, सात वर्षांच्या घोड्याला शोभतील असे. पण खऱ्या खळग्याभोवती इनॅमलचं पांढरं कडं असतं, ते इथे नव्हतं. खळगे कोरून डागलेले होते. घोड्याला तरुण करायची ही फार जुनी युक्ती. मग वरचा ओठ उचलला. कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक उभी रेघ उमटते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. वर्षा-दोन वर्षांचा फरक पडतो, पण इथे रेघ अर्ध्यावर होती. म्हणजे सात नव्हे, पंधरा. बापूंना लगेच सांगायचा धीर झाला नाही.

पाय नीट बघायला त्याला खोड्यात घ्यायचं ठरवलं. आमचा खोडा लोखंडी पाइपांचा, बैल-म्हशींसाठी केलेला. यात्रेतले घोडे त्यात शिरताना दोन माणसांना घाम फोडतात. हा मात्र सरळ आत गेला. मागचा पाइप लागला तेव्हा मागचे पाय जरा पोटाखाली घेऊन, कान पुढे रोखून उभा राहिला. अंग बारीक थरथरत होतं. मी म्हटलं, वा, किती शहाणं जनावर!

नळीमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, धनुष्यासारखी बाहेर फुगलेली, हाताला टणक. दुखणं जुनं, त्यावर कालच्या नाचवण्याने नवी सूज. केस मागे सारले तर डागणीचे बारीक ठिपके, ओळीने. रेसच्या घोड्यांच्या कंडरांवर असे डाग देत असत. आता काही शंकाच उरली नव्हती.

आणि एवढं सगळं कळूनही पुढची चूक मीच केली. परिचराला म्हटलं, "सोड रे." त्याने पुढचा पाइप ओढला. खण्णकन आवाज झाला आणि घोडा सुटला. बापूंच्या हातातला दोर गेला, माझं कोपर पाइपावर आपटलं. रस्त्यावर चाळीसेक पावलं तो असा गेला की मोटारसायकलवाला शेतात उतरला. मग डावा पाय उचलून जागच्या जागी उभा.

परळच्या कॉलेजात असताना महालक्ष्मीला शर्यतीची सुरुवात जवळून पाहिली होती. प्रत्येक घोड्याला अरुंद लोखंडी खणात घालतात, मागून बंद करतात, आणि पुढची दारं एकदम उघडतात. आमचा खोडा आणि तो खण यात फरक तो काय!

बापूंना सगळं सांगितलं. ते खाली बसले. "याले मी नवरदेवसाठे लई उनू," म्हणाले. हा घोडा डीजेसमोर उभा केला असता तर पहिली वरात दवाखान्यातच आली असती, पण तेव्हा मी ते बोललो नाही.

रेसचा घोडा दोन वर्षांचा असताना पळायला लागतो आणि बहुतेकांचं पाच-सहा वर्षांत आटोपतं. नीट सांभाळला तर जगतो मात्र पंचवीस-तीस वर्षं. जिंकणारे नर आणि चांगल्या रक्ताच्या माद्या स्टड फार्मवर जातात. खच्ची केलेल्याला तो रस्ता नाही. नशीब असेल तर रायडिंग स्कूल, नाहीतर थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांची फेरी, मग लग्नं, मग बाजार. दर हाताला नाव बदलतं, वयही. मजा म्हणजे आपल्याकडे रेसच्या कागदावर सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. याचा कागद कुठे राहिला कोण जाणे. हल्ली रेसच्या घोड्यांच्या मानेत मायक्रोचिप बसवतात, पण ती वाचायचं यंत्र आमच्याकडे नाही.

"इकी टाकू का?" बापूंनी विचारलं. व्यापारी एव्हाना तंबू गुंडाळून गेला होता. विकायचा तर खरं वय सांगून विकावा लागला असता आणि त्याला पोत्याचा भाव आला नसता. दुसऱ्याला फसवणं बापूंना जमणारं नव्हतं. बराच वेळ घोड्याच्या कपाळावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कितला वरीस जगी हाऊ?"

"दहा तरी," मी म्हटलं.

"दहा!" ते हसले की वैतागले, मला आजही सांगता येत नाही.

थंड पाण्याच्या पट्ट्या, सुजेचं औषध, तीन महिने स्वारी बंद, एवढं लिहून दिलं. खाण्याबद्दल मात्र दटावून सांगितलं. जीव लागला की आपली माणसं पाटीभर हरभरा पुढे ठेवतात आणि बसून असलेल्या घोड्याचे खूर आतून सुजतात. १९७३ साली अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेला सेक्रेटेरियट खुरांच्या याच आजाराने १९८९ मध्ये गेला, अवघ्या एकोणीस वर्षांचा. बापूंना सेक्रेटेरियटशी देणंघेणं नव्हतं. कडबा किती आणि गवत किती, तेवढं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

याला तीन वर्षं झाली. लंगडणं थोडं राहिलंच. लग्नाला एकदाही गेला नाही. बापूंची नातवंडं त्याच्यावर बसून केळीच्या बागेत फेरी मारतात, तीही चालत. दातावरची रेघ आता बरीच खाली आली आहे. वर्षातून एकदा बापू त्याला दवाखान्यात आणतात. खोड्यात तो अजूनही आपणहून शिरतो, कान रोखून थरथरत उभा राहतो. काम झालं की आम्ही मागचा पाइप काढतो आणि त्याला एकेक पाऊल मागे घेत बाहेर आणतो.