दोन मिनिटं आणि लाल दिवा

सुट्टीला पुण्यात आलेय आणि रोज कुणीतरी विचारतंच, तिकडे तू नक्की करतेस काय. काल मावशीला सांगितलं की सोशल वर्कर आहे, फेब्रुवारीत तिकडच्या विधिमंडळात बोलून आले, तर म्हणते, "अगंबाई, पुढारी झालीस की काय!"

तर मी असते अमेरिकेत बाल्टिमोरला, आमच्या मेरीलँड राज्याची राजधानी अ‍ॅनापोलिस तिथनं पाऊण तासावर. अधिवेशन जानेवारी ते एप्रिल, ९० दिवसांचं, त्यामुळे नुसती पळापळ. आमचं बिल, म्हणजे कायद्याचा मसुदा, भाडेकरूंना घराबाहेर काढण्याबद्दलचं. माझ्या केसेसमध्ये तेच तेच, भाडं थकलं, नोटीस आली, पोरांची शाळा सुटली. समितीपुढे बोलायला दोन मिनिटं आणि समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. आता पुणेरी माणसाचं दोन मिनिटांत नमनसुद्धा उरकत नाही! मी आधी कायदा समजावत बसले, मग एका बाईची गोष्ट काढली, फुटपाथवर तिच्या कपड्यांच्या काळ्या पिशव्या, वर पाऊस... लाल. थँक्यू, नेक्स्ट. बिल समितीतच अडकलं.

तिकडे हे जादा काम धरत नाहीत बरं का, सोशल वर्करच्या आचारसंहितेतच आहे की धोरणं नि कायदे बदलायलाही हात घाला. आमच्या बाल्टिमोरच्या बार्बरा मिकुल्स्की मूळच्या सोशल वर्करच, वस्तीतून जाणारा हायवे लोकांना घेऊन अडवला, १९७१ला नगरपालिकेत, पुढे १९८७ ते २०१७ अमेरिकेच्या संसदेत सिनेटर. इथे एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या एम.ए.सारख्या कोर्सला, आम्ही फील्डवर्कच्या डायऱ्या भरल्या, बिल कसं वाचायचं ते कुणी शिकवलं नाही. खरं तर शिकायला मार्केट यार्डातल्या हमालांपर्यंत गेलो असतो तरी पुरलं असतं.

परवा गेलेच, हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या 'कष्टाची भाकर' या स्वस्त जेवणाच्या केंद्रात. बाबा आढावांनी हमालांना एकत्र आणलं ते १९५०च्या दशकात, माथाडी कायदा आला १९६९ला, मजुरी सरकारी मंडळामार्फत, वर मालकाने भरायची लेव्ही, म्हणजे मजुरीवर जादा टक्केवारी, त्यातनं प्रॉव्हिडंट फंड नि ग्रॅच्युइटी. समोर झुणका-भाकर खात बसलेल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "आयता न्हाय आला पोरी, आमच्या बापानं मोर्चे काढले." मी माझी दोन मिनिटांची गोष्ट सांगितली तर ठसका लागेस्तोवर हसले, "तेवढ्यात आमची घोषणा बी पुरी व्हत न्हाय!"

जानेवारीत बिल परत येतंय. यंदा सुरुवातच त्या काळ्या पिशव्यांपासून करणार.