व्हीजी-१ आरएनए अंडपेशीच्या तळाशी पोचवताना: माझा अनुभव

झेनोपस बेडकाच्या कोवळ्या अंडपेशीत व्हीजी-१ हा संदेशवाहक आरएनए आधी सगळीकडे सारखा पसरलेला असतो. पेशी वाढू लागली की तो व्हेजिटल टोकाला, म्हणजे जिथे पुढे बलक जास्त साठतो त्या बाजूला, पटलालगत जाऊन बसतो. बाहेरून टोचलेला आरएनएही तिथेच पोचतो, हे यिस्राएली आणि मेल्टन यांनी १९८८ मध्ये दाखवलं. मी तोच प्रयोग चमकता रंग लावलेल्या आरएनएवर करते. सुई हातात घेण्याआधीच निम्मा निकाल ठरलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

पेशी तिसऱ्या अवस्थेचीच हवी, ४५० ते ६०० मायक्रोमीटर व्यासाची. पूर्ण वाढलेल्या सहाव्या अवस्थेतल्या पेशी मोठ्या असतात, टोचायला सोप्या जातात, म्हणून नवखे त्याच उचलतात. पण तोवर ही वाहतूक संपलेली असते. प्राणी-नीती समितीची परवानगी असलेल्या मादीचा अंडाशय मिळाला की कोलॅजिनेज (पेशींना बांधून ठेवणारी ऊती विरघळवणारं विकर) २ ते ३ मिग्रॅ प्रति मिली घेऊन त्यात तो सुमारे २० मिनिटं हलवत ठेवायचं. इथे घड्याळापेक्षा डोळ्यांवर विसंबावं. गुच्छ सुटले की लगेच थांबून भरपूर धुवायचं. जास्त वेळ ठेवलेल्या पेशी मऊ पडतात आणि टोचल्यावर गळतात. शक्यतो वर्णहीन मादी घ्यावी, कारण रंगद्रव्यामुळे चमक झाकली जाते.

आरएनए टोचण्याआधी जेलवर चालवून बघायचाच. पट्टी विस्कटलेली दिसली तर तो तुटलेला आहे. न जोडलेला रंग नीट काढला नाही तर पेशीभर धूसर उजेड दिसतो आणि तो ‘न पोचलेला आरएनए’ वाटतो. सोबत तुलनेसाठी ग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाचा आरएनए हवाच. व्हीजी-१ च्या शेपटीकडे, प्रथिन न बनवणाऱ्या भागात, ३४० न्यूक्लिओटाइडांचा पत्ता असतो. ग्लोबिनला तो नसल्याने तो पसरलेलाच राहतो.

५०० मायक्रोमीटरच्या पेशीचं आकारमान जेमतेम ६५ नॅनोलिटर, म्हणून २ नॅनोलिटरच्या वर जायचं नाही. खनिज तेलात थेंब सोडून मोजायचा: व्यास साधारण १५६ मायक्रोमीटर आला की मात्रा बरोबर.

मग पुण्याचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये खोलीच्या तापमानावर पेशी टिकवायची आशाच सोडावी. १८ अंशांचा इनक्युबेटर आणि वीज गेली तरी तो चालू ठेवणारी सोय, दोन्ही हवंच. घाबरून पेशी बर्फावर ठेवू नयेत, थंडीत मायक्रोट्युब्यूल (पेशीतले रुळांसारखे तंतू) सुटू लागतात आणि आरएनए त्यांच्यावरूनच कायनेसिन या वाहक प्रथिनाच्या मदतीने जातो. माध्यम अर्ध्या ताकदीचं एल-१५ (पेशी वाढवण्याचं तयार पोषक द्रावण), त्यात व्हायटेलोजेनिन, म्हणजे बलक बनवणारं प्रथिन, किंवा बेडकाचा सीरम. ते नसेल तर पेशी वाढत नाही आणि वाहतूकही रेंगाळते.

साधारण एका दिवसाने आधी पाचरीसारखा पट्टा दिसतो, नंतर पटलालगत चंद्रकोर. काहीच जमलं नाही, तर नेमकं काय अडलं हे शोधता येतं. मायक्रोट्युब्यूल मोडणारं नोकोडॅझोल दिलेल्या पेशीत आरएनए निघतच नाही. अॅक्टिनचे तंतू मोडणारं सायटोकॅलॅसिन दिलेल्या पेशीत तो पोचतो, पण चिकटून राहत नाही. तुमचं चित्र यांपैकी कशासारखं दिसतं ते पाहावं.

शेवटी मेम्फात (फॉर्माल्डिहाइड असलेलं, पेशी आहे तशी टिकवणारं द्रावण) तासभर स्थिर करून मेथॅनॉलमध्ये पाणी काढायचं आणि एक भाग बेन्झिल अल्कोहोल, दोन भाग बेन्झिल बेन्झोएटमध्ये पेशी पारदर्शक करायची. भांडं काचेचंच घ्या, हे मिश्रण प्लास्टिकची डिश विरघळवतं.