स्फटिक कशाचा?

‘एवढे मोठमोठे मायक्रोस्कोप असताना औषधाचा रेणू बघायला तुम्ही महिनोन्‌महिने स्फटिक का वाढवत बसता?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरच्या खाली जात नाही. कार्बनच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर. एवढ्या लांब लाटेला अणूचा पत्ताच लागत नाही. तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र बरोबर ०.१५४! पण एकटा रेणू हे किरण फारच थोडे विखुरतो. स्फटिकात अब्जावधी रेणू एका शिस्तीत उभे असतात, त्या सगळ्यांचे मिळून ठिपके उमटतात आणि ठिपक्यांच्या तीव्रतेवरून अणूंच्या जागा गणिताने काढता येतात.

स्फटिक वाढवायला काचेच्या पट्टीवर औषधाच्या द्रावणाचा दोन मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, पट्टी उलटी करून क्षारद्रावणाच्या खळग्यावर ग्रीसने घट्ट बसवायची. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं. घाई झाली की नुसता गाळ. एकदा बाराव्या दिवशी मला लखलखीत सुई दिसली. क्ष-किरणांत धरली, तर मोजके, दूरदूर ठिपके. ते औषध नव्हतंच, द्रावणातलं मीठ होतं. तेव्हापासून मी आधी विचारते, हा स्फटिक नक्की कशाचा आहे?

व्हॅन्कोमायसिन या औषधाने हेच मोठमोठ्या शास्त्रज्ञांना शिकवलं. सात अमिनो आम्लांची साखळी (पेप्टाइड) असलेलं हे अँटिबायोटिक १९५८ पासून वापरात आहे. १९७८ मध्ये केंब्रिजच्या गटाने रचना काढली ती सीडीपी-१ची, म्हणजे व्हॅन्कोमायसिनमधून अमोनिया निघून गेल्यावर उरणाऱ्या पदार्थाची. स्फटिक खोटं बोलला नव्हता. पण अमोनिया जाताना साखळी एका जागी बदलली होती. मूळ औषधात तिथे ॲस्परजीन हे अमिनो आम्ल आहे, हे १९८२ मध्ये स्पष्ट झालं. खुद्द व्हॅन्कोमायसिनच्या स्फटिकावरून रचना उलगडली १९९६ मध्ये. १९७८ च्या गटातले जॉर्ज शेल्ड्रिक याही कामात होते. ठिपक्यांवरून रचना काढायला त्यांचेच प्रोग्रॅम आम्ही रोज वापरतो.

१९९६ च्या त्या रचनेतली एक गोष्ट मला अतिशय आवडते. जिवाणूच्या भिंतीच्या पेप्टाइडचं टोक व्हॅन्कोमायसिन ज्या खोबणीत पकडतं, तशा दोन खोबणी तिथे शेजारी दिसतात. एकीत ॲसिटेट हा छोटासा आयन बसलेला आहे. दुसरी रिकामी राहिली असती, पण तिच्यावर झाकणासारखी एक फांदी येऊन बसली आहे, आणि ती त्याच ॲस्परजीनची आहे.